कानामागचा पेचकस

आम्ही गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी चव्वेचाळीस वर्षांची. दोघींच्याही तब्येती ठणठणीत होत्या. शिरड शहापूरच्या पुढच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. बरीच वर्षं हिंगोलीहून एसटीनं आणि पुढं मिळेल त्या रिक्षानं गेले, आणि मग एका उन्हाळी सुट्टीत गाडी चालवायला शिकले. घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शिकायचं नाकारलं. त्यांचं हिंगोलीत बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सल्ला देतात, त्यामुळं गाडीतही आपण सल्ल्याच्याच जागेवर बसावं असं त्यांना वाटलं असणार. ते डाव्या सीटवर बसतात, पट्टा लावतात आणि समोरून काही येत नसलं तरी "सांभाळून" म्हणतात.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळी शाळेत जाताना समोरच्या काचेखाली, वेगाच्या काट्याशेजारी, एक पिवळं चित्र पेटलं. तोटी असलेल्या किटलीसारखं दिसत होतं. मी गाडी कडेला घेतली आणि यांना फोन लावला.

"अहो, किटलीचा दिवा लागलाय."

"मग चहा घे," ते म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक असावं.

संध्याकाळी त्यांनी स्वतः येऊन दिव्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बियाण्याची पिशवी उलटसुलट करून बघतात तसं.

"गाडी चालते ना?"

"चालते."

"मग?"

एवढं बोलून ते घरात गेले, माझ्या आरशावरची मोठी मरून टिकली काढून आणली आणि किटलीवर चिकटवली. "आता दिसतोय का दिवा?"

"नाही."

"झालं मग."

तीन दिवस मी टिकली लावलेली गाडी चालवली. दिवा झाकला होता, पण गाडीचं मन लागत नव्हतं. औंढ्याच्या अलीकडचा जो चढ ती तिसऱ्या गिअरवर गुणगुणत चढायची, तिथं आता दुसरा टाकावा लागे. पेट्रोलही जास्त प्यायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर विचार करायची आणि मग निघायची. आठवीच्या वर्गात फळ्याकडं बोलावलं की काही मुली अशाच उठतात.

शेवटी मी हिंगोलीतल्या एका नव्या गॅरेजात गेले. काचेचा दरवाजा, पाण्याचा जार, बसायला सोफा. मालकानं स्टेअरिंगखाली एक छोटी डबी खोचली, मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, नॉक सेन्सर."

"तो काय करतो?"

"नॉक सेन्स करतो."

हे उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण तिथं मी सोफ्यावर होते आणि बोनेट उघडलेलं होतं. त्यानं नवा सेन्सर बसवला, डबीनं दिवा विझवला. मी टिकली काढून पर्समध्ये ठेवली. चार दिवस गाडी अगदी लाडात चालली. पाचव्या दिवशी शिरडच्या थोडं अलीकडं किटली पुन्हा पेटली.

परत गॅरेज, परत डबी, परत तेच नाव. मालक हनुवटी खाजवत म्हणाला, "नवा सेन्सरपण खराब निघाला असेल. न्हाईतर गाडीचा कॉम्प्युटर गेला. बदलून टाकू का?"

पडदे बदलू का, अशा सुरात विचारलं त्यानं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्याच रविवारी कळमनुरीला यांच्या भाचीचा साखरपुडा होता. हे सख्खे मामा. मामा आल्याशिवाय मुलीला पाटावर बसवायचं नाही असं त्यांच्या बहिणीनं सांगून ठेवलेलं, त्यामुळं हे सकाळपासूनच जरा ताठ चालत होते. घरूनच फेटा बांधून निघाले. गाडीत बसताना फेटा वर छताला टेकला, तर सीट खाली केली, पण फेटा सोडला नाही.

वाटेत गाडीनं लाज आणली. साध्या चढावर ती अशी काही मंदावली की मागून एक ट्रॅक्टर आला. हिंगोलीच्या बाजारात हळद उतरवून रिकामी ट्रॉली खडखडवत परत चाललेला. तो आमच्या शेजारी आला, थोडा वेळ शेजारीच चालला, मग पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना फेट्याला पाहून हात जोडले. हे समोर बघत राहिले.

"टिकली आणली का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

साखरपुडा छान झाला. जेवताना गाडीचं गाऱ्हाणं मी नणंदेच्या होणाऱ्या व्याह्यांना सांगितलं. ते तिथले जुने रहिवासी. म्हणाले, "बाजाराच्या मैदानामागं एक चाचा बसतात. पत्र्याच्या शेडमधी. त्यांना दाखवा. फकस्त जोरात बोला, ऐकू कमी येतं त्यांना."

"म्हणजे आवाज ओळखणारा पार्ट," हे जिलेबीचा तुकडा मोडत म्हणाले, "ऐकू न येणाऱ्या माणसाला दाखवायचा?"

"माणसाचं न्हाई येत ऐकू," व्याही म्हणाले, "इंजिनाचं बराबर येतं."

शेड लिंबाच्या झाडाखाली होती. चाचा सत्तरीकडं झुकलेले, काटक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. स्टुलावर बसून कसलीशी जाळी पुसत होते. मी जवळ जाऊन नमस्कार केला आणि म्हटलं, "चाचा, नॉक सेन्सरचा प्रॉब्लेम आहे."

"नाक?" त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. "नाकाला काय झालं, बेटा?"

"नाक नाही, नॉक!"

"तेच म्हणून राहिलो. नाकाचा डाक्टर पलीकडच्या गल्लीत हाये. इथं गाड्या असतात."

मग हे पुढं सरसावले. फेटा सावरून, दुकानातला आवाज काढून ओरडले, "नॉक! सेन्सर!" समोर ओट्यावर मिरच्या निवडत बसलेल्या बाईनं मान वर केली आणि हातवारे करत ओरडली, "चाचा, गाडीचं म्हणून राहिले ते, गाडीचं!" तरी चाचा माझ्या नाकाकडंच बघत होते. शेवटी मी पर्समधून वही तपासायचा लाल पेन काढला आणि गॅरेजच्या बिलाच्या पाठीवर दोन शब्द लिहून दिले. चाचांनी वाचलं आणि खांदे हलवत हसले. "असं मराठीत सांगायचं की मग!"

त्यांनी गाडी सुरू करायला लावली. शेडमधून हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा पेचकस आणला. त्याचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ आपल्या कानामागं, तिथल्या हाडावर. डोळे मिटले. मग टोक दुसरीकडं, तिसरीकडं. डॉक्टर पाठीवर नळी फिरवतात तसं. मध्येच म्हणाले, "गाडी भिऊन चालून राहिली."

"काहून?" मी विचारलं आणि ते ऐकू गेलं नसेल म्हणून हात हलवून प्रश्न केला.

चाचा स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. स्वतःला ऐकू कमी येणारी माणसं दुसऱ्याला समजलं की नाही हे चेहऱ्यावर बघत बोलतात. मला ती शिक्षकाची सवय वाटली.

"फटाक्याची माळ असते ना, बेटा. एका टोकाला पेटवली की तडतड करत शेवटपर्यंत जाते. बराबर? इंजिनात बी तसंच. ठिणगी पडली की पेट्रोल एका बाजूनं जळत जाते अन् दट्ट्याला खाली ढकलते. पण कधी इंजिन लई गरम झालं, न्हाईतर पेट्रोल हलकं आलं, तर आग पोचायच्या आधीच दुसऱ्या कोपऱ्यातलं पेट्रोल आपल्या आपण भडकते. दोनी टोकं एकदम. मग ठोका बसतो. डब्यात खडे हलवल्यावानी वाजते. असे ठोके बसत राहिले तर दट्ट्याला भोक पडते."

"मग सेन्सर?"

हा शब्द त्यांनी ओठांवरून ओळखला. "तो इंजिनाला चिकटून बसलेला असतो. ठोक्यानं इंजिनाचं अंग थरथरलं की त्याला कळते. तो कॉम्प्युटरला सांगते, अन् कॉम्प्युटर ठिणगी जराशी उशिरा पाडते. ठोका बंद. आता त्याचं सांगणंच आलं न्हाई, तर कॉम्प्युटर काय करन? भिते. म्हणते, उगं रिस्क नको, ठिणगी कायमचीच उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ताकद जाते, पेट्रोल जाते. तुमच्या गाडीत ठोका न्हाईच. फकस्त भीती हाये."

मी विचारलं, हे थरथरणं त्याला कळतं कसं? हे मात्र लिहूनच विचारावं लागलं. चाचांनी उत्तर न देता शेडच्या फळीवरून चहाच्या शेगडीचा लायटर उचलला आणि माझ्यासमोर दाबला. टक. निळी ठिणगी.

मला शरमल्यासारखं झालं. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. घरचा लायटर घेऊन जाते, टक टक करून दाखवते, मुलं खूश होतात. आणि त्याच तत्त्वावरचा एक तुकडा माझ्याच गाडीच्या पोटात बसलेला, त्याच्यासाठी मी सोफ्यावर बसून "तो काय करतो" असं विचारून आले होते. यांच्याकडं पाहिलं. ते लायटरकडं बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटत होतं की हे आपल्याला आधीपासूनच माहीत होतं.

इंजिन बंद करून जरा निवू दिलं. मग चाचांनी सेन्सरची तार काढली, तिथं मीटरच्या दोन सुया लावल्या आणि माझ्या हातात छोटा पाना दिला. "बाजूला लोखंडावर ठोका. हळू. पोराला थोपटल्यावानी."

मी ठोकलं. मीटरवरचा आकडा जेमतेम हलला. जरा जोरात ठोकलं. तेवढाच. चाचांनी हात आत घालून, कुठं कुठं वळवून, सेन्सर सोडवून बाहेर काढला. बोराएवढा काळा गोल, मधोमध बोल्टाचं भोक. तो तळहातावर धरून त्यांनी पान्यानं नुसती टिचकी मारली, तर मीटरवरचे आकडे उड्या मारायला लागले.

"जिता हाये," चाचा म्हणाले. "बसवला वाईट."

मग ते मला आत वाकून बघा म्हणाले. सेन्सर जिथं बसतो तिथं जुन्या तेलाचा आणि गंजाचा थर होता, आणि सेन्सर आणि इंजिन यांच्या मध्ये कुणीतरी एक स्प्रिंगचा वायसर घातला होता. चाचांनी तो चिमटीत धरून उन्हात नेला आणि त्याच्याकडं असं पाहिलं की मला त्या काचेच्या गॅरेजवाल्याची दया आली. "नट ढिला व्हऊ नाही म्हणून टाकला असन. पण मधी गादी टाकल्यावर थरथर पोचन का त्याला? अंगाला अंग लागलं पायजे."

तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग पेट्रोलचा बोळा. जागा चकचकीत झाल्यावर चाचांनी फळीवरून मखमली कापडात गुंडाळलेली एक वस्तू आणली. मोजून आवळायचा पाना. ठरवलेला जोर झाला की तो 'कट' असा आवाज करतो आणि तिथं थांबायचं असतं. चाचांना तो आवाज येत नाही, तळव्याला झटका कळतो. "हातानं अंदाज घेऊन आवळला की फसला. ढिला राहिला तरी बहिरा, लई आवळला तरी बहिरा."

तार जोडली, बॅटरी क्षणभर सोडवून दिवा विझवला आणि गाडी सुरू केली. मग चाचांनी तो लांब पेचकस माझ्यापुढं धरला. ऐकायचं का?

मी मूठ कानामागं टेकवली. आधी काहीच नाही, आणि मग एकदम डोक्याच्या आतच इंजिन सुरू झालं. एकेक ठोका सुटा सुटा, मध्ये कुठंतरी तेल वाहिल्याची सळसळ, आणि खूप खाली एक गोल, संथ घरघर. वर्षभर मी त्या गाडीत बसत होते, पण ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली असं वाटलं. मी यांना म्हटलं, "अहो, तुम्ही ऐका."

नव्या कुर्त्याला तेल लागेल म्हणून हे लांब उभे होते. आले. कानामागं जागा करायला फेटा काढावा लागला. तो मी धरला. उजव्या कानामागं मूठ टेकवली आणि हे दचकून मागं सरले. "बाप रे! केवढा आवाज! इतकं साफ ऐकू येतं?"

चाचा हसले नाहीत. यांच्याकडं टक लावून बघत राहिले. मग त्यांनी आपल्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढलं आणि यांच्या उजव्या कानाशी धरलं. "आली टिकटिक?"

"नाही. बंद आहे."

तेच घड्याळ कानामागच्या हाडाला टेकवलं. "आता?"

"आता येते."

डाव्या कानाशी धरलं. "इथं?"

"येते की."

चाचांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं. "तुमची बी वाट बंद हाये, भाऊ. उजवी. हाडातून येते, हवेतून येत न्हाई. माझ्यावानी."

"मला सगळं ऐकू येतं," हे म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळले. "येतं ना?"

आमची गाडी चालवताना मी यांच्या उजव्या बाजूला असते. गेले कितीतरी महिने मी गाडीत "पाण्याची बाटली द्या" म्हणायचे आणि हे खिडकीबाहेर बघत बसायचे. मी तीनदा म्हणायचे, मग बोलणंच सोडून द्यायचे. नवऱ्यांचं असं होतं म्हणे, लग्नाला वीस वर्षं झाली की. दुकानात गिऱ्हाइकं ओरडूनच बोलतात, फोन ते डाव्या कानाला लावतात, घरी टीव्ही मोठा असतो. कुणाच्या लक्षात येणार? मी यांच्यावर मनातल्या मनात किती वेळा रागावले होते ते सगळं त्या लिंबाखाली उभ्या उभ्या आठवलं, आणि हातातला फेटा जड लागायला लागला.

"चाचा, तुम्हाला कधीपासून?" मी लिहून विचारलं.

"ल्हानपणी कान वाहायचा. कुणी तेल टाकलं, कुणी पाला टाकला. डाक्टर कुठं होता तेव्हा?" त्यांनी पेचकस पुसून खिळ्याला अडकवला. "तुमच्या टायमाला हाये. उद्याच जा."

परत येताना गाडी चढावर तिसऱ्या गिअरवर गेली. मी गाडी चालवता चालवता हळू आवाजात यांना म्हटलं की फेट्यात आज छान दिसत होतात. हे खिडकीबाहेर बघत होते. मी पुन्हा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीत कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, "दुकान कसलं आहे?" मग थेंब, मग दोन दिवसांनी पाण्याची पिचकारी, आणि शेवटी ताटलीत तुरीच्या दाण्याहून मोठा काळाकुट्ट मळाचा खडा पडला. खताची आणि बियाण्याची वर्षानुवर्षांची धूळ त्यात मुरलेली. पडदा शाबूत होता. हे दवाखान्यातून बाहेर आले आणि पायरीवरच थबकले.

"रस्त्यावर एवढा आवाज असतो?"

त्या आठवड्यात मी तो वायसर घेऊन काचेच्या गॅरेजात गेले. भांडायचं ठरवून गेले होते. मालकानं वायसर हातात घेतला, सगळं ऐकून घेतलं, कानाच्या टोकापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "मॅडम, आम्हाला हे कुणी शिकवलंच न्हाई. चाचा कुठं बसतात?" मी पत्ता सांगितला. तो खरंच गेला. पुढच्या खेपेला त्याच्याकडं मोजून आवळायचा पाना दिसला, आणि सोफ्यावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाला तो फटाक्याच्या माळेचं उदाहरण देऊन समजावत होता. मी ओळख दाखवली नाही.

यांचं मात्र नवं सुरू झालं. फ्रिज वाजतो. पंखा वाजतो. शेजाऱ्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी अर्धवट राहते. मी न्हाणीघरात गाते, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं, आणि त्यात आपलं काय मत आहे तेही त्यांनी सांगितलं. गाडीत तर मी एक वाक्य बोलले की दोन उत्तरं येतात.

परवा शाळेच्या कार्यक्रमाला हे माझ्याबरोबर आले होते. परतताना शिरडच्या पुढं त्यांनी हात वर केला. "थांब. टकटक वाजून राहिलं काहीतरी. खालून. इंजिनातूनच."

मी गाडी थांबवली. बोनेट उघडलं. हे वाकले, कान लावला, डोळे मिटले, मान हलवली. मग डिकी उघडून पाहिली, चाकं ठोकून पाहिली. शेजारून जाणारा एक बैलगाडीवाला थांबून बघायला लागला. मी मागच्या सीटवरची माझी पिशवी उचलली, तर आतून तीच टकटक आली. जेवणाच्या रिकाम्या डब्यात चमचा राहिला होता.

हे अजून चाकाशी बसलेले होते. मी चमचा हळूच रुमालात गुंडाळला आणि पुढं येऊन बसले.

"आता बघा बरं," मी गाडी सुरू करून म्हटलं.

त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग सीटला टेकून, हात चोळत म्हणाले, "बघ. नुसतं बरोबर ठिकाणी ठोकायला लागतं."

"व्हय," मी म्हटलं. तेही त्यांना स्वच्छ ऐकू गेलं.